तोफेच्या जबड्यातला हत्ती: काशाची शस्त्रं आणि त्यांच्यावरची नक्षी

दिवा-रोहा गाडीत उभ्याने ऐकत असाल तर आधी कडी नीट धरा. आज माल वजनदार आहे. थोडाथोडका नाही, ५५ टन.

डोळ्यासमोर एक तोफ आणा. लांबी साधारण साडेचार मीटर. बाहेरून व्यास दीड मीटर, म्हणजे तोफ आडवी पडली असली तरी तिची उंची तुमच्या छातीपर्यंत येईल. तोंड एवढं मोठं की एखादा माणूस अंग चोरून आत बसू शकतो. आणि हे तोंड म्हणजे नुसतं भोक नाही. तो एका सिंहाचा जबडा आहे. सिंह म्हणा, शार्दूल म्हणा, अजगर म्हणा, बघणारे वेगवेगळं सांगतात. डोळे वटारलेले, कान मागे, आणि सुळ्यांच्या मधोमध चिरडला जाणारा हत्ती. एवढासा, खेळण्यातला वाटावा असा.

ही मलिक-ए-मैदान. म्हणजे रणांगणाची मालक. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, पण ती तिथली नाही. ती आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. निजामशाहीत १५४९ साली ओतलेली. आणि ती लोखंडाची नाही, काशाची आहे.

आता आजचा प्रश्न. गोळा जाऊन आदळणार, भिंत पडणार. त्यासाठी सिंह लागत नाही. हत्ती तर अजिबात लागत नाही. मग ज्याने ही तोफ ओतली त्याने एवढी मेहनत कशासाठी घेतली? आणि तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये कुऱ्हाडीवर वाघ कोरणाऱ्या माणसाने तरी कशासाठी घेतली? आज या दोन माणसांना आपण शेजारी बसवणार आहोत. मध्ये पेणचा एक कारखाना येईल आणि रोह्याची कुंडलिका नदीसुद्धा. चला.

आधी धातू ओळखून घेऊ

कांस्ययुग हा शब्द शाळेत पाठ केला आणि सोडून दिला, असं आपल्यापैकी बहुतेकांचं झालं. पण कासं तुमच्या घरात असू शकतं. तळपायाला तूप लावून जी वाटी घासतात ती काशाची वाटी. भजनातले टाळ काशाचे. देवळातली चांगली घंटा, जिचा नाद बराच वेळ रेंगाळतो, ती त्याच घराण्यातली. पितळ वेगळं. तांब्यात जस्त घातलं की पितळ, तांब्यात कथील घातलं की कासं.

आता गंमत बघा. तांबं एकटं मऊ असतं. कथील तर त्याहून मऊ. दोन मऊ धातू एकत्र वितळवले की तयार होणारा धातू दोघांपेक्षा कडक. शिवाय तो तांब्यापेक्षा कमी उष्णतेला वितळतो आणि साच्यात छान वाहतो, बारीक बारीक रेघांमध्ये शिरतो. कथील वाढवत गेलात की धातू आणखी कडक होतो, पण ठिसूळही होतो. टाळ जमिनीवर आपटला तर वाकत नाही, तडकतो. ते याच्यामुळे.

म्हणजे किती कथील घालायचं हा खरा प्रश्न. चीनमध्ये याचं लेखी कोष्टक आहे. 'काओगोंग जी' नावाच्या कारागिरीवरच्या जुन्या ग्रंथात काशाच्या सहा पाककृती दिल्या आहेत. घंटा आणि भांड्यांना कथील कमी, कुऱ्हाडीला थोडं जास्त, धारदार पात्याला त्याहून जास्त, आणि आरशाला सगळ्यात जास्त. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे स्पेसिफिकेशन आहे. कुठल्या वस्तूला काय हवं, कडकपणा की चिवटपणा की चकाकी, हे ठरवून लिहून ठेवलेलं.

राणीची कुऱ्हाड

आता चीनमध्ये जाऊ. हनान प्रांतात आनयांग नावाचं शहर आहे. तिथे शांग राजवंशाची शेवटची राजधानी होती. १९७६ साली तिथे एक थडगं उघडलं आणि पुरातत्त्ववाले थक्क झाले, कारण राजघराण्यातल्या बाकीच्या थडग्यांसारखं ते चोरांनी लुटलेलं नव्हतं. ते होतं फू हाओचं. राजा वू दिंग याची राणी, काळ इसवी सनापूर्वी साधारण १२००. आणि ही राणी नुसती महालात बसणारी नव्हती. त्या काळी शकुन बघण्यासाठी हाडांवर प्रश्न कोरत. तशा एका कोरीव नोंदीत फू हाओच्या हाताखाली १३ हजार सैन्य असल्याचा उल्लेख आहे.

तिच्या थडग्यात काशाच्या चारशेहून जास्त वस्तू निघाल्या, त्यात शस्त्रंही भरपूर. त्यातली एक कुऱ्हाड आपल्या कामाची. वजन ९ किलो. ९ किलोची कुऱ्हाड हातात धरून कोणी लढत नाही, दोन वार केले की खांदा निघेल. तिच्यावर दोन वाघ आहेत, समोरासमोर, तोंडं उघडलेली, आणि दोघांच्या मध्ये माणसाचं डोकं. खाली राणीचं नाव.

काय म्हणते ही कुऱ्हाड? अशी कुऱ्हाड ज्याच्या हातात, त्याला शिक्षा द्यायचा आणि सैन्याला हुकूम करायचा अधिकार. चिनी लिपीत 'राजा' या अर्थाचं जे अक्षर आहे, ते मुळात अशाच कुऱ्हाडीच्या पात्याचं चित्र होतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे कुऱ्हाड हाच राजेपणा. ती मान कापायला नंतर, आधी दाखवायला.

त्याच काळात, थोडंफार मागेपुढे, आपल्याकडे काय चाललं होतं? संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी असा ठेवा सापडला. या गावावरून दख्खनच्या त्या सगळ्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. त्या कुऱ्हाडी साध्या, कामाच्या. वाघ नाही, नाव नाही. दोन्हीकडे माणसंच, दोन्हीकडे धातू. पण जिथे एका माणसाला दहा हजार माणसांवर हुकूम चालवायचा होता, तिथे कुऱ्हाडीला तोंड आणि नाव मिळालं. नक्षी ही रिकाम्या वेळेची हौस नव्हती. ती सत्तेबरोबर आली.

पेणचा कारखाना आणि शांगचा साचा

ही नक्षी ओतली कशी? इथे पेणकरांनी कान टवकारा.

तुम्ही गणपतीच्या कारखान्यात गेला असाल. पेणला, हमरापूरला, जोह्याला. मूर्ती कशी होते? आधी एक मूळ मूर्ती. तिच्यावरून साचा. साचा एकसंध ठेवला तर मूर्ती बाहेर निघणार कशी? म्हणून त्याचे भाग करतात. भाग जुळवायचे, भरायचे, सुकलं की भाग सोडवायचे. जिथे दोन भाग जुळले तिथे एक बारीक रेघ उमटते. कारागीर ती रेघ घासून काढतो, मग फिनिशिंग, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी.

शांग काळातले चिनी ओतारी जवळपास हेच करत होते, फक्त शाडू किंवा प्लास्टरऐवजी वितळलेलं कासं भरत. मातीची मूळ प्रतिकृती, तिच्यावर मातीच्या साच्याचे तुकडे, ते भाजायचे, जुळवायचे, आत दुसरा मातीचा गाभा, आणि मधल्या पोकळीत धातू. जगात इतर बऱ्याच ठिकाणी मेण वितळवून ओतकाम करत. आपल्याकडचे देव तसेच ओतले. चीनमध्ये मात्र शेकडो वर्षं तुकड्यांच्या साच्यावरच भर राहिला.

आता त्या रेघेचं काय? पेणचा कारागीर ती लपवतो. शांगच्या कारागिराने अनेक भांड्यांवर ती उलट फुगवली. सांध्याच्या जागी मुद्दाम उभी पट्टी काढली आणि तिलाच नक्षीचा भाग केलं. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे की हा बग नाही, हे फीचर आहे. त्या लोकांनी ते तीन हजार वर्षांपूर्वी खरं करून दाखवलं.

आणि साचा तुकड्यांचा असल्यामुळे नक्षीसुद्धा तुकड्यांत विचार करते. मधली रेघ, डावीकडे अर्धा चेहरा, उजवीकडे अर्धा. शांगच्या काशावर सगळ्यात जास्त दिसणारा चेहरा असाच आहे. दोन डोळे, शिंगं, वरचा जबडा, बाकी सगळं नागमोडी रेषांत विरघळलेलं. त्याला नंतरच्या लोकांनी थाओथिए नाव दिलं. तुम्ही तो चेहरा शोधत नाही. तोच तुमच्याकडे बघत असतो. पेणच्या कारखान्यात आखणी होईपर्यंत मूर्ती ही मूर्ती वाटत नाही, डोळे आले की ती बघू लागते. काशातल्या त्या चेहऱ्याचं तसंच.

नाव कोणाचं, जबाबदारी कोणाची

पुढच्या हजार वर्षांत चिनी शस्त्रांवर चेहऱ्याइतकीच अक्षरं महत्त्वाची झाली. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं, गौजियानची तलवार. गौजियान हा यूए राज्याचा राजा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याची तलवार १९६५ साली हूबेई प्रांतातल्या एका थडग्यात म्यानासकट सापडली. लांबी ५५ सेंटिमीटरच्या थोडी वर. पात्यावर काळपट रंगात चौकटींची जाळी, मुठीपाशी निळे खडे. आणि आठ अक्षरं, पक्ष्यांच्या आकाराच्या वळणदार लिपीत. मजकूर साधा: यूएच्या राजाने, गौजियानने, ही तलवार स्वतःच्या वापरासाठी केली. अडीच हजार वर्षांनी बाहेर काढली तेव्हाही तिची धार शाबूत होती. या तलवारीच्या कडेला कथील जास्त आणि मधल्या कण्याला कमी आहे. कडा कडक, कणा चिवट. एकाच पात्यात दोन पाककृती.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. सम्राट चिन शी हुआंगची मातीची फौज, जी १९७४ साली सापडली, ती तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. त्या मातीच्या सैनिकांच्या हातात मातीची नाही, खरी शस्त्रं होती, काशाची. जवळपास ४० हजार नग, त्यातली बहुतेक बाणांची टोकं. त्यांच्यातल्या काही भाल्यांसारख्या शस्त्रांवर बारीक अक्षरं कोरली आहेत. कितवं वर्ष, कारभार पाहणारा प्रधान लू बुवेई, त्याखालचा देखरेख करणारा अधिकारी, आणि शेवटी प्रत्यक्ष बनवणारा कामगार.

सॉफ्टवेअरवाले हसले असतील. हे गिट ब्लेम आहे! कोणत्या ओळीला कोण जबाबदार, कोणी मंजूर केलं, कधी केलं. भाला तुटला तर प्रधानापासून कामगारापर्यंत साखळी हातात. फरक एवढाच की आमच्याकडे चूक सापडली तर मीटिंग लागते, त्यांच्याकडे काय लागत असेल याची कल्पना न केलेलीच बरी.

या शस्त्रांबद्दल एक फॉरवर्ड तुम्हाला आलं असेल. चिनी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी क्रोमियमचा मुलामा शोधला होता, म्हणून शस्त्रं गंजली नाहीत वगैरे. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि चीनमधल्या संशोधकांनी ते तपासलं. क्रोमियम आलं होतं ते शेजारच्या लाकडी भागांच्या आणि पुतळ्यांच्या रोगणातून. शस्त्रं टिकली ती मुख्यतः काशातलं भरपूर कथील आणि तिथल्या मातीचा गुण यामुळे. गूढ विज्ञान नाही. चांगली पाककृती आणि चांगली माती.

कासं जातं आणि परत येतं

मग लोखंड स्वस्त झालं, पोलाद आलं, आणि तलवार-भाल्यांतून कासं बाजूला पडलं. चीनमध्येही, आपल्याकडेही. गोष्ट इथे संपली असती. पण चीनमध्येच बंदुकीची दारू निघाली आणि काशाला दुसरा जन्म मिळाला. ईशान्य चीनमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीची हातातोफ सापडली आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या बंदुकांपैकी एक. साडेतीन किलोंची. आणि ती काशाची आहे.

का? कारण आतल्या स्फोटाचा दाब सहन करायला नळी एकसंध हवी, आणि एकसंध हवी तर ओतायला हवी. लोखंड वितळवायला प्रचंड उष्णता लागते. त्यामुळे आपल्याकडे लोखंडी तोफा बहुधा पट्ट्या जुळवून आणि वरून कडी ठोकून बनवत, लाकडी पिंपासारख्या. कासं मात्र सरळ ओतता येतं. ज्याला घंटा ओतता येते, त्याला तोफ ओतता येते. म्हणून युरोपातही घंटा ओतणारे आणि तोफा ओतणारे बऱ्याचदा तेच लोक असत.

आणि आता आपण घरी परतू.

मलिक-ए-मैदान: थोडं गणित

तोफ ओतवून घेणारा बुऱ्हाण निजामशहा, अहमदनगरचा दुसरा सुलतान. ओतणारा महंमद रूमी. रूमी म्हणजे रूमचा, आजच्या तुर्कस्तानकडचा. तोफांचं ज्ञान तेव्हा तिकडे जोरात होतं, आणि दख्खनचे सुलतान चांगला तंत्रज्ञ दिसला की पगार देऊन आणत.

वजन ५५ टन असं सांगतात. मी आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, तेव्हा आपणच करून बघू. बाहेरचा व्यास दीड मीटर, आतल्या भोकाचा ७० सेंटिमीटर, लांबी ४.४५ मीटर. बाहेरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतलं वजा केलं आणि लांबीने गुणलं की साधारण सहा घनमीटर धातू येतो. काशाची घनता धरा पाण्याच्या पावणेनऊ पट. उत्तर ५३ टनांच्या आसपास. मागच्या बाजूला भोक अरुंद आहे, म्हणजे थोडा धातू आणखी. तेव्हा ५५ हा आकडा गप्पांमधला नाही, जवळपास बरोबर आहे.

जुन्या तपासणीनुसार या तोफेत सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील आहे. आठवलं काही? हे तोफेपेक्षा घंटेचं प्रमाण आहे. युरोपातल्या तोफांमध्ये कथील साधारण १० टक्क्यांच्या आसपास ठेवत, कारण तोफ ठिसूळ असून चालत नाही. मलिक-ए-मैदानवर टकटक केलं तर ती घंटेसारखी वाजते. तुमच्या आजीची काशाची वाटी, वारकऱ्याचा टाळ आणि ही तोफ, धातूच्या हिशेबाने जवळची भावंडं.

आता २० टक्के म्हणजे किती? ५५ टनांतले ११ टन कथील. आणि दख्खनमध्ये कथील सापडत नाही. ते समुद्रापलीकडून आणावं लागे, आग्नेय आशियातून. मग निजामशाहीचं मोठं बंदर कुठलं? चौल! रोह्यावरून वाहणारी आपली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथलं चौल. अरबस्तानातले घोडे इथे उतरत, पोर्तुगीजांनी १५२१ पासून इथेच शेजारी किल्ला बांधायला घेतला, तोच आजचा रेवदंडा. तेव्हा हे ११ टन कथील याच खाडीत उतरून बैलांच्या पाठीवर घाट चढलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. पुढच्या वेळी रोह्याच्या पुलावरून जाताना नदीकडे बघा. विजापूरच्या बुरुजावरच्या सिंहाचा पाचवा हिस्सा बहुधा हिच्या मुखातून आत आला.

आणि त्यानंतर काय झालं? ज्या चौलमधून व्यापार चालायचा, तिथल्याच पोर्तुगीजांवर निजामशाहीने १५७०-७१ मध्ये मोठ्या तोफा नेऊन कित्येक महिने वेढा घातला. रेवदंडा पडला नाही, तह झाला.

हत्ती का चिरडलाय?

आता मूळ प्रश्नाकडे. सिंहाच्या तोंडात हत्तीच का?

सोळाव्या शतकात दख्खनमध्ये हत्ती म्हणजे सैन्याची सगळ्यात मोठी ताकद. शत्रूच्या फौजेत किती हत्ती यावर त्याची पत. १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, एका बाजूला विजयनगर, दुसऱ्या बाजूला दख्खनचे सुलतान. त्या लढाईत निजामशाही तोफांमध्ये तांब्याची नाणी भरून जवळून मारा केला अशी हकिकत आहे, आणि मलिक-ए-मैदानही तिथे होती असं सांगतात. समोरून हत्ती चालून येतायत, आणि तोफेच्या तोंडात आधीच एक हत्ती चिरडलेला आहे. हे चित्र सजावट नाही. ही आधीच कळवलेली बातमी आहे.

फू हाओच्या कुऱ्हाडीवर वाघाच्या तोंडात माणसाचं डोकं. इथे सिंहाच्या तोंडात हत्ती. मध्ये पावणेतीन हजार वर्षं आणि हजारो किलोमीटर. रूमीने ती कुऱ्हाड पाहणं शक्यच नव्हतं, ती तेव्हा जमिनीखाली होती. तरी दोघांना तेच सुचलं, कारण दोघांचा हेतू एक: शस्त्र चालवायच्या आधी समोरच्याच्या मनात चालवायचं. दौलताबादच्या किल्ल्यावर पंचधातूची मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. धडक देणारा प्राणी. तिचं दुसरं नाव किला-शिकन, किल्ला फोडणारी. तीच भाषा.

पुसता येणारी पाटी

पण नक्षीचं दुसरं काम याहून मोठं आहे, आणि आजचा मुद्दा तोच.

कासं परत वितळवता येतं. कितीही वेळा. आज तलवार, उद्या घंटा, परवा तोफ. लोखंड गंजून जातं, कासं गंजून जात नाही, ते वितळवलं जातं. आमच्या भाषेत ते रीरायटेबल आहे. जुनी फाइल गेली, वर नवीन आली, मागमूस नाही. म्हणून जगातली प्राचीन काशाची शस्त्रं आज दिसतात ती बहुतेक जमिनीत पुरलेली होती म्हणून. फू हाओची कुऱ्हाड थडग्यात होती म्हणून वाचली. बाहेर असती तर कधीच कोणाची तरी परात झाली असती.

मलिक-ए-मैदान पुरलेली नव्हती. ती चार सत्तांच्या हातांतून गेली. नगरला ओतली गेली, धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर राहिली. १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरारपंत तिला विजापूरला घेऊन गेला. हा तोच मुरार जगदेव, ज्याने भीमेच्या काठी नावेच्या मदतीने हत्तीची तुला केली आणि गावाला तुळापूर नाव पडलं असं सांगतात. जड वस्तूंशी त्याचं काहीतरी नातं होतं खरं! मग १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं.

औरंगजेबाने काय करावं? तोफेवर आधीच निजामशहाचं नाव होतं, आणि तो स्वतःला प्रेषिताच्या घराण्याचा सेवक म्हणवतो, म्हणजे उघड शिया पंथाची खूण. औरंगजेब सुन्नी. छिन्नीने ती ओळ उडवता आली असती. तोफ वितळवता आली असती. त्याने दोन्ही केलं नाही. त्याने त्याच तोफेवर स्वतःचा एक लेख वाढवला. त्यातल्या शेवटच्या शब्दांचा अर्थ असा की मलिक-ए-मैदानला जिंकलं, आणि त्या अक्षरांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज केली की हिजरी १०९७ हे साल निघतं. अक्षरांतच तारीख. टाइमस्टॅम्प, पण कवितेत!

जुनी एंट्री डिलीट न करता त्याने खाली नवीन एंट्री टाकली. का? कारण नाव नसलेलं ५५ टन कासं जिंकलं तर ती फक्त लूट. पण सिंहाचं तोंड, नाव आणि जुन्या मालकाची सही असलेली तोफ जिंकली तर तो विजय. नक्षीने तोफेला वाचवलं.

आणि नक्षी वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती पडली तर काय होतं? तेही या तोफेने पाहिलं. इंग्रजी अमलात, १८५४ साली, साताऱ्याच्या कारभाराकडे विजापूर असताना, ही तोफ भंगार म्हणून लिलावात काढली. बोली लागली १५० रुपये. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि विक्री रद्द झाली. सिंह, हत्ती, रूमी, निजामशहा, औरंगजेब, सगळे मिळून १५० रुपये.

मग आपण काय करायचं?

आता कोणी म्हणेल, ही सगळी विजापूरची आणि चीनची गोष्ट, रायगडात आमचा काय संबंध? संबंध आहे. आपला जिल्हा जुन्या बंदरांचा आणि किल्ल्यांचा आहे. चौल, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा. विहीर खणताना, घराचा पाया काढताना, शेताचा बांध घालताना इथे जुनं काहीतरी हाती लागणं अजिबात नवल नाही. आणि गावोगावी भंगारवाल्याचा टेम्पो फिरतोच. काशाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. वजनकाट्यावर नक्षीचं वजन शून्य असतं, हे लक्षात ठेवा.

तेव्हा तीन साध्या गोष्टी.

एक, जमिनीत काही जुनं सापडलं तर कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. तहसील कार्यालयात गेलात तर पुढची वाट कळते. काढण्याआधी जागेवरचा फोटो घ्या, कारण वस्तू कुठे आणि कशाशेजारी होती ही माहिती वस्तूइतकीच मोलाची.

दोन, घासू नका. घरातलं जुनं कासं, देवळातली जुनी घंटा, तिच्यावर अक्षरं असतील तर चिंच, लिंबू, पितांबरी सगळं दूर ठेवा. वरचा हिरवट-काळपट थर बऱ्याचदा धातूचं कवच असतो. तो ओरबाडला की समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत खालचा धातू पुन्हा खायला लागतो, आणि दर वेळी घासताना अक्षराची कड थोडी थोडी जाते. चकाकी येते, नाव जातं.

तीन, वाचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. त्याही वितळवता आल्या असत्या, तोफेसाठी धातू नेहमी कमीच पडायचा. पण वाजवत ठेवल्या. पुढच्या वेळी अशी घंटा दिसली तर वाजवण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते मोबाइलचा टॉर्च लावून बघा. रेवदंड्याला सातखणी बुरुजापाशी गेलात तर तिथल्या तोफांवर बसून फोटो काढण्याआधी त्यांच्या पाठीवर एखादी खूण, आकडा, राजचिन्ह आहे का ते शोधा. आणि त्यावर स्वतःचं नाव खरवडू नका. औरंगजेबाने लिहिलं, पण आधी विजापूर जिंकलं होतं.

शस्त्राचं काम माणूस मारणं, त्याचं कौतुक करायला मी इथे बसलो नाही. पण ज्यांनी ती बनवली त्यांनी निदान एक गोष्ट उघड केली. हे कोणाचं, कोणी केलं, कोणासाठी, आणि कोणाला भीती घालायला, हे सगळं धातूवर लिहून ठेवलं. चिनी कामगाराचं नाव भाल्यावर आहे, रूमीचं तोफेवर आहे. आज आकाशातून येणाऱ्या ड्रोनवर ना चेहरा असतो ना कारागिराचं नाव. त्यातला कोड कोणी लिहिला हे ज्याच्यावर तो पडतो त्याला कधीच कळत नाही. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, म्हणून हा विचार मला जरा जास्त टोचतो.

तर मंडळी, हा भाग इथे थांबवतो. तुमच्या गावच्या देवळातल्या घंटेवर किंवा किल्ल्यावरच्या तोफेवर काही अक्षरं दिसली तर फोटो पाठवा, पुढच्या भागात मिळून वाचू. भाग आवडला असेल तर त्या एका मित्राला नक्की पाठवा जो प्रत्येक किल्ल्यावर तोफेवर चढून बसतो. काळजी घ्या, भेटू लवकरच.